नऊ व्होल्टचा डबा आणि ‘व्यावसायिक वापर’

पोस्ट लांब आहे. पण आपल्या झरी जामणी तालुक्यात जे कोणी ऑर्केस्ट्रात, भीमगीतांच्या पार्टीत, भजनी मंडळात वाजवतात, त्यांनी पूर्ण वाचा. लिहितोय गिटारच्या पेडलबद्दल, पण मिक्सर, माइक, कीबोर्ड, ऑक्टोपॅड, सगळ्यांना तेच लागू आहे.

आधी हे पेडल म्हणजे काय ते सांगतो, कारण स्टेजसमोर बसलेल्या निम्म्या लोकांना वाटतं की मी पायानं शिलाई मशीन चालवतो. गिटारची वायर सरळ मिक्सरमध्ये घातली तर आवाज कोरडा येतो, डब्यावर ताराची टिचकी मारल्यासारखा. म्हणून मध्ये लोखंडी डबे लावतात. एक आवाज जाड आणि फाटका करतो, एक त्याला लाटा देतो, एक त्याचा पडसाद काढतो. पायानं खटका दाबला की चालू, पुन्हा दाबला की बंद. हे डबे एका पाटीवर ओळीनं चिकटवले आणि सगळ्यांना एका जागेवरून वीज दिली की झालं पेडलबोर्ड. आमच्या पार्टीत गिटारवाला मी एकटा. एका कार्यक्रमात भीमगीत, मग जुनं हिंदी गाणं, मग पैनगंगेपलीकडून आदिलाबादकडचे पाहुणे आले असले की त्यांच्या फर्माइशीचं तेलुगू गाणं. तीन गाणी, तीन वेगळे आवाज. ते सगळं पायाखालच्या त्या पाटीवर.

माझे जुने डबे अकरा वर्षं चालले. तेही मी सेकंडहँडच घेतले होते. त्यांचे खटके झिजले, म्हणून यंदा हिवाळ्याच्या सीझनचे पैसे बाजूला ठेवून नवा सेट ऑनलाइन मागवला. ओव्हरड्राइव्ह ३,९०० रुपये, कोरस ३,६००, डिले ४,७००, पॉवर सप्लाय अ‍ॅडाप्टरसकट ४,२०० आणि पाटी २,०००. एकूण १८,४०० रुपये. कंपनीचं नाव इथं लिहीत नाही, कारण प्रकरण चालू आहे. कमेंटमध्येही कोणी अंदाज लावू नका, डिलीट करावं लागेल.

२३ मार्चला पार्सल आलं. डबे दिसायला एक नंबर. रंग असा की नवरीच्या आंदणात ठेवावे. घरी चार-पाच दिवस वाजवून पाहिले, काही तक्रार नाही. पहिल्या दोन कार्यक्रमांत ओव्हरड्राइव्हचा आवाज मधेच खर्रर्र करायचा. वायर बदलली, तरी तेच.

मग आली १३ एप्रिलची रात्र. रात्री बारा वाजता जयंती सुरू होते, आपल्या भागात त्या वेळेची किंमत काय असते ते सांगायची गरज नाही. अख्खं गाव पंचशील ध्वजाखाली उभं, फटाके फुटले, आणि दुसऱ्या गाण्याच्या मधल्या म्युझिकला माझी गिटार बंद. पूर्ण बंद नाही. पाय जरा आपटला की यायची, वायर हलली की जायची. त्यात डिलेचा खटका एकदा दाबला की दोनदा लागायचा, म्हणजे चालू होऊन लगेच बंद. मी सगळे डबे काढून वायर सरळ मिक्सरला लावली आणि राहिलेला कार्यक्रम तसाच वाजवला. गायकानं सांभाळून घेतलं, ढोलकीवाल्यानं तर गिटारच्या जागाही भरून काढल्या.

पण पैसे देताना मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, “दादा, साउंड खराब झाला न्, पोरं नाराज हायेत. पंधराशे कमी घ्या.” भांडून उपयोग नव्हता, त्यांनीही वर्गणीच गोळा केलेली. आता हे पंधराशे एकट्या माझ्या पाकिटातून गेले असते तर ही पोस्ट कदाचित लिहिली नसती. आम्ही सात जण आहोत. कार्यक्रमाचे पैसे गाडीभाडं काढून सात वाटे होतात. ज्याचा डबा बिघडला त्याचाच वाटा कापायचा, असं आमच्यात कधी झालं नाही. म्हणून ढोलकीवाल्याचेही दोनशेच्या वर गेले, आणि तो कापूस वेचणीच्या दिवसांत मजुरीला जाणारा माणूस आहे.

दुसऱ्या दिवशी मिरवणुका होत्या, दुकानं बंद. १५ तारखेला सकाळी मी विक्रेत्याला पहिला मेल टाकला आणि मग डबा घेऊन आपल्या टीव्ही-रेडिओ दुरुस्तीवाल्या काकांकडे गेलो. या डब्यात बॅटरीसुद्धा बसते आणि ती घालायला मागची पत्र्याची प्लेट उघडावी लागते, असं माहितीपत्रकातच लिहिलेलं आहे. म्हणजे प्लेट उघडली म्हणून वॉरंटी गेली असं कोणी म्हणू शकत नाही. काकांनी भिंग लावून पाहिलं आणि म्हणाले, “भाऊ, हे सोल्डर बसलंच नाई. नुसतं टेकलं हाय.”

मग त्यांनी मला दाखवलं. चांगला जोड चकचकीत असतो, पिनच्या अंगाला चढत गेलेला. याचा जोड मळकट राखाडी, आणि पिनच्या भोवती बारीक गोल चीर. जोडाला पुरेशी उष्णता दिली नाही की असं होतं. टेबलावर ठेवला तर चालतो, म्हणून कारखान्यात तपासताना पास होतो. स्टेजवर हादरा बसला की चीर उघडते. त्यापेक्षा वाईट म्हणजे वायर घालायचा जॅक सरळ सर्किटच्या पट्टीवर झाळलेला. बाहेरून नट दिसतो, पण तो प्लॅस्टिकचा, नावापुरता, डब्याच्या पत्र्याला काही धरत नाही. म्हणजे वायरला बसणारा प्रत्येक झटका त्या कच्च्या जोडावर. पायाखाली ठेवायच्या वस्तूची ही बनावट!

मी म्हटलं, झाळून द्या. काकांनी हात मागे घेतला. “दहा मिनिटाचं काम हाय. पण मी हात लावला तं कंपनी म्हणन, तुमीच बिघडवला. आधी फोटो काढ.” हा माणूस कधी कोर्टाची पायरी चढला नाही, पण त्याच्या या एका वाक्यानं माझं प्रकरण वाचलं. भिंगातून मोबाइलनं फोटो काढले, वायर हलवताना आवाज जातो त्याचा व्हिडिओ काढला.

मग पॉवर सप्लाय तपासला. त्याच्यावर मोठ्या अक्षरात ‘आयसोलेटेड’ लिहिलंय. म्हणजे आठही सॉकेटची वीज एकमेकांपासून वेगळी असायला हवी, नाहीतर डिलेसारख्या डिजिटल डब्याची चींचीं ओव्हरड्राइव्हमध्ये शिरते आणि तो ती मोठी करून स्पीकरमधून ऐकवतो. तपासणी सोपी आहे. मल्टिमीटर बझरवर ठेवा, सप्लायची वायर बोर्डातून काढून टाका, एका सॉकेटच्या मधल्या पिनला एक टोक लावा, दुसऱ्या सॉकेटच्या मधल्या पिनला दुसरं. आत सगळं वेगळं असेल तर मीटर गप्प बसतो. माझा मीटर आठच्या आठ ठिकाणी बोंबलला. आत सगळ्यांची निगेटिव्ह एकच. हे बिघडणं नव्हे, हे खोटं लिहून विकणं आहे.

अ‍ॅडाप्टरची गोष्ट याहून गंभीर. बीआयएसच्या सक्तीच्या नोंदणीच्या यादीत ऑडिओ-व्हिडिओ उपकरणांचे पॉवर अ‍ॅडाप्टर आहेत. त्यांच्यावर बीआयएसचं चिन्ह आणि ‘आर’ अक्षरापुढे आठ आकडी नंबर असायला हवा. तो नंबर ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये टाकला की कोणाच्या नावावर नोंद आहे ते दिसतं. माझ्या अ‍ॅडाप्टरवर असा नंबरच नाही. आणि इथं एक गंमत सांगतो. त्याच यादीत इलेक्ट्रॉनिक वाद्यप्रणालीही आहेत, पण २०० वॅट आणि त्यावरच्या. पेडल नऊ व्होल्टवर चालतं, बहुतेकांना एक वॅटसुद्धा लागत नाही. म्हणजे अ‍ॅडाप्टरला तरी शिक्क्याची अट आहे, पेडलला तीही नाही. त्याच्या आत जोड पक्का की कच्चा, हे विकत घेण्याआधी कोणी तपासलेलं असेलच असं नाही. उरतो फक्त ग्राहक कायदा.

(मध्येच एक सांगतो, कारण ही गोष्ट मला फार आवडते. गिटारचा फाटका आवाज मुळात बिघाडातूनच आला. अमेरिकेत नॅशव्हिलला मार्टी रॉबिन्स यांच्या गाण्याचं रेकॉर्डिंग चालू असताना मिक्सरचा एक चॅनल खराब झाला आणि ग्रेडी मार्टिन यांच्या गिटारचा आवाज फाटून आला. तो तसाच ठेवला. पुढे १९६२ मध्ये तो आवाज मुद्दाम काढणारं मायस्ट्रो फझ-टोन नावाचं पेडल बाजारात आलं. तेव्हा कोणी मला म्हणेल की आवाज फाटणं हीच तर या डब्याची खासियत. तर तो आवाज मी दाबल्यावर फाटावा यासाठी ३,९०० रुपये दिलेत, त्याच्या मर्जीनं फाटावा म्हणून नाही.)

आता मुख्य मुद्दा. आठवड्यानं कंपनीचं उत्तर आलं. इंग्रजीत होतं, मराठीत सांगतो. ‘वॉरंटी घरगुती वापरासाठी आहे. तुम्ही पाठवलेल्या व्हिडिओत उपकरण स्टेजवर दिसते. व्यावसायिक वापर असल्याने वॉरंटी लागू नाही.’ जाहिरातीत मात्र त्यांच्याच डब्यावर पाय ठेवून एक पोरगा दहा हजार लोकांसमोर वाजवताना दाखवलाय.

हे उत्तर वाचून आपल्यातले बहुतेक जण गप्प बसतात. ‘आपण तर पैसे घेऊन वाजवतो, म्हणजे आपण ग्राहक नाहीच.’ मलाही दोघातिघांनी हेच सांगितलं. म्हणून मी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ काढून वाचला. कलम २ च्या पोटकलम ७ मध्ये ग्राहकाची व्याख्या आहे. व्यापारी हेतूनं वस्तू घेणारा ग्राहक नाही, असं तिथं आहे, हे खरं. पण त्याच्याखालीच स्पष्टीकरण आहे. जो माणूस स्वयंरोजगारातून केवळ आपली उपजीविका चालवण्यासाठी वस्तू विकत घेतो आणि स्वतः वापरतो, त्याचा तो वापर व्यापारी हेतू धरायचा नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या निकालात याची उदाहरणंच दिली आहेत. टाइपरायटर घेऊन दुसऱ्याची टायपिंगची कामं करणारा, गाडी घेऊन स्वतः टॅक्सी चालवणारा, हे ग्राहक. गाडी घेऊन ड्रायव्हर ठेवला आणि धंदा केला, तर नाही.

म्हणजे मी पेडल घेतो, माझ्याच पायानं दाबतो, त्यावर घर चालवतो, तर मी ग्राहक आहे. ज्याचे चार साउंड सेट आहेत आणि दहा पोरं पगारावर आहेत, त्याला हा मार्ग इतका सोपा जाणार नाही, हेही सांगून ठेवतो.

“गिटारच्या डब्यासाठी कोर्टात जाऊन रायला का बे?” असं चहाच्या टपरीवर एकानं विचारलं. तो शेतकरी आहे. मी त्याला विचारलं, बोगस बियाणं निघालं तर तू काय करतोस? कापसाच्या या पट्ट्यात बियाण्याचा घोळ कोणाला समजावून सांगावा लागत नाही. तिथंही कंपन्या हेच म्हणत होत्या, की शेतकरी पीक विकतो, म्हणजे त्याचा व्यापारी वापर. नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या प्रकरणात २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो मुद्दा मान्य केला नाही. शेतकरी ग्राहक आहे, आणि त्यानं पेरलेल्या बियाण्याचा नमुना मागे राखून ठेवावा अशी अपेक्षाही करता येणार नाही, असं सांगितलं. बियाणं पेरणारा ग्राहक, तर त्याच्या पोराच्या लग्नात वाजवणारा का नाही? टपरीवाला गडी हसला. पण दुसऱ्या दिवशी त्यानं त्याच्या फवारणी पंपाचं बिल शोधून आणलं.

मी काय केलं ते थोडक्यात सांगतो. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे, तिथं तक्रार नोंदवली. दुसरीकडे विक्रेत्याच्या वेबसाइटवर तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव असतं, त्याला मेल केला. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे या अधिकाऱ्यानं ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात निकाल लावायचा असतो. मेलमध्ये रडगाणं लिहिलं नाही. तारीख, ऑर्डर नंबर, तीन दोष, प्रत्येकाचा फोटो, कलम २(७), आणि मला काय हवं ते.

आधी त्यांनी पाचशे रुपयांचं कूपन देऊ केलं. त्याच दुकानात पुन्हा खरेदी करायची! मी नाही म्हटलं. मग पार्सल उघडतानाचा व्हिडिओ मागितला. असा व्हिडिओ काढलाच पाहिजे असं कायद्यात कुठं लिहिलेलं नाही, आणि महिन्याभरानं सुटणारा जोड पार्सल उघडताना दिसणार कसा? हे मी तसंच लिहून कळवलं. त्यानंतर डिले बदलून मिळाला, आणि तो चांगला चालतोय, हेही मान्य करायला हवं. ओव्हरड्राइव्हही बदलून आला. काकांनी मागची प्लेट उघडली, तर पुन्हा तोच प्लॅस्टिकचा नट, तोच पट्टीवर झाळलेला जॅक. म्हणजे माझ्या वाट्याला एखादा खराब डबा आला असं नव्हतं, त्यांची बनवायची पद्धतच ती. पॉवर सप्लायबद्दल तर उत्तरच नाही.

म्हणून ओव्हरड्राइव्ह आणि पॉवर सप्लाय मिळून ८,१०० रुपये परत, अधिक झालेला खर्च, यासाठी यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली. कंपनी कुठल्याही महानगरात असो, कलम ३४ प्रमाणे तक्रारदार जिथं राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते. जुन्या १९८६ च्या कायद्यात ही सोय नव्हती. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी शून्य. तक्रार ‘ई-जागृती’ पोर्टलवरून ऑनलाइन टाकता येते, वकील लागतोच असं नाही. झरीहून यवतमाळ म्हणजे जाणं-येणं धरून अख्खा दिवस आणि एका दिवसाची मजुरी, पण सुनावणी व्हिडिओवरून व्हावी असा अर्जही करता येतो. मी केलाय. वस्तूतला दोष नुसता पाहून ठरत नसेल तर आयोग ती प्रयोगशाळेत पाठवू शकतो, म्हणून तो ओव्हरड्राइव्ह मी झाळून घेतलेला नाही. कपड्यात गुंडाळून, वर तारीख लिहून ठेवलाय. सध्या जुनाच डबा वाजवतोय. त्याचा खटका झिजलाय, पण जोड एकही सुटलेला नाही.

पाटीचं राहिलंच. तिच्यावरची चिकटपट्टी आपल्या मे महिन्याच्या उन्हात गाडीत वितळली आणि डबे घसरून एकमेकांवर आले. ती तक्रारीत घातली नाही. सुताराकडून सागाची फळी करून घेतली, डबे पत्र्याच्या क्लिपांनी स्क्रूवर कसले. पाटी लागली की अशीच घ्या.

ही पोस्ट आत्ता लिहायला आणखी एक कारण आहे. २०२५ मध्ये राज्य सरकारनं १,८०० भजनी मंडळांना साहित्य घेण्यासाठी प्रत्येकी २५ हजार रुपयांचं अनुदान जाहीर केलं. असे पैसे गावात आले की हार्मोनियम-पखवाजाबरोबर मिक्सर, माइक, स्पीकरही घेतले जातात, आणि २५ हजारांत ‘सगळं सेट’ देणारे दुकानदारही उभे राहतात. बिल मंडळाच्या नावानंच घ्या. नोंदणी असो वा नसो, मंडळसुद्धा कायद्यानं तक्रार करू शकतं. ‘बिल नको, दीड हजार कमी करतो’ म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. बिल न देणं हीसुद्धा या कायद्यात अनुचित व्यापार प्रथा आहे. माल दुकानात नुसता वाजवून पाहू नका. वायर जॅकमध्ये घालून चारी बाजूंनी हलवा, खटका वीस वेळा दाबा, अ‍ॅडाप्टर उलटा करून नंबर पाहा. दुकानदार तोंड वाकडं करील, करू द्या.

माझ्या प्रकरणात कंपनीला नोटीस निघाली आहे. उत्तर द्यायला त्यांना ३० दिवस, आणि आयोगानं मुदत वाढवली तर आणखी १५. त्यापलीकडे नाही. काय होतं ते इथंच लिहीन, हरलो तरी.

तक्रारीचा मसुदा मी साध्या मराठीत केलाय. कोणाला हवा असेल तर इनबॉक्स करा. प्रत्यक्ष यायचं असेल तर दिवसा या, रात्री कार्यक्रम असतात. डबा, बिल आणि डब्याचं खोकं, तिन्ही सोबत आणा.